पल्स ऑक्सिमीटर: आकडा घ्यावा कसा, मानावा किती

पल्स ऑक्सिमीटर म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारं छोटं यंत्र. आधी ५ मिनिटं शांत बसा. हात गार असतील तर चोळून ऊब आणा, नाहीतर आकडा खोटा कमी येतो. नेलपॉलिश पुसा, मेंदी असेल तर बिनमेंदीचं बोट निवडा. मधलं बोट नख वर करून पूर्ण आत घाला, हात छातीशी स्थिर ठेवा. मिनिटभराने स्थिरावलेला आकडाच लिहा.

ऑक्सिजनचा आकडा ९५ ते १०० साधारण ठीक. ९२ किंवा कमी आल्यास दुसऱ्या बोटावर तपासून लगेच डॉक्टरांना कळवा. सावळ्या त्वचेवर आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो, म्हणून धाप लागत असेल तर आकड्यावर विसंबू नका.

सगळ्यात घातक फसगत बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरची. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू चिकटलेलं रक्तातलं हिमोग्लोबिन यंत्राला ऑक्सिजनवालंच वाटतं. तिथे कुणाला चक्कर आली, तर ९८ दिसले तरी आधी मोकळ्या हवेत आणा आणि थेट रुग्णालयात न्या.