खाऱ्या पाण्याच्या घरगुती पूलमध्ये क्लोरीन योग्य पातळीवर कसं ठेवावं

अलिबाग, कर्जत, लोणावळा किंवा गोव्यातल्या बंगल्यांना पूल बांधताना हल्ली बऱ्याचदा 'सॉल्ट सिस्टीम' बसवली जाते. मालकाला सांगितलं जातं की आता क्लोरीनची कटकट संपली. यातून अनेकांचा समज होतो की या पाण्यात क्लोरीन नसतंच. प्रत्यक्षात पंपाच्या लाईनवर एक सेल बसवलेला असतो आणि त्यात टायटॅनियमच्या पट्ट्या असतात. त्यांतून वीज गेली की पाण्यातल्या मिठापासून क्लोरीन तयार होतं. ते जंतू आणि शेवाळ मारतं आणि काम झाल्यावर बहुतेक पुन्हा मिठाच्याच रूपात पाण्यात उरतं. म्हणजे हा क्लोरीनचाच पूल आहे. फरक इतकाच की क्लोरीन डब्यातून न येता जागेवर बनतं.

बहुतेक घरगुती यंत्रं क्लोरीन बनवतात, पण मोजत नाहीत. डिस्प्लेवर '६०%' दिसतं तो सेल किती वेळ चालू राहतो त्याचा आकडा आहे; पाण्यात क्लोरीन किती आहे हे त्यावरून कळत नाही. ज्या पाण्यात मुलं तासन्‌तास डुंबणार, ते पाणी हाताने तपासल्याशिवाय सुरक्षित धरू नका. आणि क्लोरीन कमी निघालं तरी लगेच टक्केवारी वाढवायला धावू नका. आधी बाकीचे आकडे बघा, कारण दोष बहुधा तिथे सापडतो.

आधी पूलमध्ये पाणी किती ते काढा

लांबी, रुंदी आणि सरासरी खोली मीटरमध्ये मोजून गुणाकार करा. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल पूलमध्ये साधारण ४५,००० लिटर पाणी मावतं. पुढचे सगळे हिशेब मी याच पूलवर मांडतो. १,००० लिटर पाण्यात १ ग्रॅम पदार्थ म्हणजे १ पीपीएम, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. आपल्या पूलमध्ये कुठलीही गोष्ट १ पीपीएमने वाढवायची तर ती ४५ ग्रॅम लागते. हा आकडा पंपघराच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवा.

पाणी नीट तपासा

नमुना पृष्ठभागावरून घेऊ नका. पाणी परत येतं त्या नळीपासून लांब, कोपरापर्यंत हात बुडवून बाटली भरा. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त किटमध्ये पाणी पिवळं होतं. त्यात एकूण क्लोरीन कळतं. त्यातलं कामाचं किती आणि वापरून झालेलं किती, हे कळत नाही. पाणी गुलाबी करणारं डीपीडी किट घ्या, त्यात मुक्त क्लोरीन, म्हणजे अजून कामाचं असलेलं क्लोरीन, वेगळं मोजता येतं. थेंब मोजून रंग घालवण्याचं किट मिळालं तर आणखी चांगलं. डीपीडीची एक खोड लक्षात ठेवा: क्लोरीन फार जास्त असलं तर गुलाबी रंग उमटून लगेच उडतो आणि क्लोरीन शून्य आहे असं वाटतं. शंका आली तर नमुन्यात तितकंच क्लोरीन नसलेलं पाणी मिसळून पुन्हा तपासा आणि आलेला आकडा दुप्पट करा.

मुक्त क्लोरीन ३ ते ४ पीपीएम ठेवा, २ च्या खाली कधीही जाऊ देऊ नका. एकूण क्लोरीन मुक्त क्लोरीनपेक्षा अर्ध्या पीपीएमहून जास्त निघालं तर पाण्यात घाम, लघवी, सनस्क्रीन यांच्याशी जोडलं गेलेलं क्लोरीन साठलंय. डोळे चुरचुरतात आणि 'पूलचा वास' येतो तो त्यामुळेच. असा वास आला की लोक क्लोरीन जास्त झालं म्हणून मशीन बंद करतात. तिथे खरी गरज असते ती आणखी क्लोरीनची.

स्टॅबिलायझर: उन्हाळ्यातला खरा प्रश्न

आपल्याकडच्या उन्हात उघड्या पूलमधलं क्लोरीन टिकत नाही, कारण सूर्याचे अतिनील किरण ते मोडून टाकतात. पाण्यात स्टॅबिलायझर नसेल तर भर दुपारी तासाभरात निम्म्याहून जास्त क्लोरीन उडतं. मग सेल १०० टक्क्यांवर ठेवला तरी आकडा वर येत नाही आणि दोष मशीनवर जातो.

स्टॅबिलायझर म्हणजे सायन्युरिक ॲसिड. खाऱ्या पाण्याच्या उघड्या पूलमध्ये ते ६० ते ८० पीपीएम ठेवा. तपासणीत ३० निघालं आणि ७० वर न्यायचं असेल तर ४० गुणिले ४५ ग्रॅम, म्हणजे १.८ किलो लागेल. ही पावडर थेट पाण्यात टाकली तर तळाशी बसून राहते. जुन्या मोज्यात भरून पाणी परत येतं त्या नळीसमोर टांगा आणि अधूनमधून मोजा दाबा. ती विरघळून तपासणीत पूर्ण दिसायला आठवडा लागू शकतो, तेवढ्यात घाईने दुसरा डोस घालू नका.

स्टॅबिलायझर जास्त झालं तर क्लोरीन असूनही मंदावतं, आणि ते कमी करायचा घरगुती उपाय एकच: थोडं पाणी सोडून नवं भरणं. उन्हाळ्यात टँकरने पूल भरणाऱ्यांना हा उपाय किती महाग पडतो ते त्यांनाच विचारा. म्हणून क्लोरीनच्या टीसीसीए (ट्रायक्लोर) गोळ्यांपासून सावध राहा. या गोळ्यांतून १० पीपीएम क्लोरीन मिळालं की सोबत ६ पीपीएम स्टॅबिलायझर पाण्यात येतं आणि तिथेच राहतं. केअरटेकर सवयीने रोज एक गोळी टाकत असेल तर एका हंगामात आकडा शंभराच्या पुढे जातो. खाऱ्या पाण्याच्या पूलमध्ये या गोळ्या नकोतच.

पीएच: न थांबता वर जाणारा आकडा

सेलमधून हायड्रोजनचे बुडबुडे निघतात, पाणी ढवळलं जातं, त्यातला कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे तो आकडा, वाढत राहतो. सॉल्ट सिस्टीमचा हा स्वभावच आहे. पीएच ७.४ ते ७.६ ठेवा, ७.८ दिसला की खाली आणा. स्टॅबिलायझर नसलेल्या पाण्यात पीएच ७.५ असताना सुमारे निम्मं क्लोरीन जोमदार रूपात असतं, ८ ला जेमतेम पाव. स्टॅबिलायझर असताना हा फरक कमी पडतो, पण चढ्या पीएचमुळे सेलच्या पट्ट्यांवर क्षार बसतात ते वेगळंच.

उपाय हायड्रोक्लोरिक ॲसिडचा. आपल्या पूलला आधी पाव लिटर पुरे. पंप चालू ठेवून, पाणी परत येतं त्या जागेजवळ सावकाश ओता, काही तासांनी तपासा, मग हवं तर आणखी. पीएच पुन्हा पुन्हा चढत असेल तर पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवण्याची क्षमता, तपासा. ती ६० ते ८० पीपीएमच्या आसपास असली की पीएच बराच शांत होतो. बोअरच्या पाण्यात ती बऱ्याचदा याहून खूप जास्त असते.

ॲसिड आणि क्लोरीनचा कुठलाही प्रकार एकत्र येऊ देऊ नका, एकाच बादलीत नाही आणि एकाच कपाटातही नाही. दोन्ही मिसळले की विषारी क्लोरीन वायू निघतो आणि बंद पंपघरात तो जीव घेऊ शकतो. पूल सांभाळणाऱ्या माणसाला हातमोजे आणि चष्मा घेऊन द्या आणि हे समोर बसवून समजावून सांगा.

मीठ

बहुतेक यंत्रांना २,७०० ते ३,४०० पीपीएम मीठ चालतं. नेमका आकडा तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेत असतो. समुद्राचं पाणी सुमारे ३५,००० पीपीएमचं, त्यामुळे पूलचं पाणी तोंडात गेलं तरी जेमतेम खारट लागतं. आपल्या पूलमध्ये २,८०० चं ३,२०० करायला ४०० गुणिले ४५ ग्रॅम, म्हणजे १८ किलो मीठ लागेल. सेल बंद आणि पंप चालू ठेवून ते पूलभर पसरा आणि चोवीस तासांनी तपासा.

उरण-पेणच्या मिठागरांचं खडे मीठ जवळ आणि स्वस्त मिळतं, मोह होतो. त्यातली माती, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मात्र सेलवर आणि टाइल्सवर बसतात. आयोडीन नसलेलं, ९९ टक्क्यांहून शुद्ध, रिफाइंड मीठच घ्या. यंत्र 'मीठ कमी' दाखवतं तेव्हाही आधी स्ट्रिपने किंवा मीटरने खात्री करा; पट्ट्यांवर क्षार चढले असतील तर यंत्र चुकीचा आकडा दाखवतं.

आता टक्केवारी

सेल ताशी किती ग्रॅम क्लोरीन बनवतो हे त्याच्या लेबलवर लिहिलेलं असतं. समजा २० ग्रॅमचा सेल रोज ८ तास ५० टक्क्यांवर चालतो. म्हणजे दिवसाला ८० ग्रॅम, आपल्या पूलमध्ये सुमारे १.८ पीपीएम. उन्हाळ्यात उघडा पूल दिवसाला २ ते ४ पीपीएम क्लोरीन खाऊ शकतो, त्यामुळे एवढं पुरणार नाही. टक्के दहाने वाढवा किंवा पंपाचे तास वाढवा, आणि पुढचे तीन-चार दिवस संध्याकाळी एकाच वेळी तपासा. आकडा एका जागी स्थिर झाला की थांबा. पंपाच्या तासांपैकी काही सूर्यास्तानंतर ठेवा, त्या वेळी बनलेलं क्लोरीन ऊन पळवत नाही.

वीज चार तास गेली की आठ तासांचं क्लोरीन निम्म्यावर येतं. साध्या टायमरचं घड्याळही तेवढा वेळ थांबतं आणि पुढचे सगळे दिवस पंप चुकीच्या वेळी चालतो. वीज आल्यावर टायमर बघायची सवय लावा. शनिवारी पाहुणे येणार असतील तर गुरुवारीच टक्के वाढवा, कारण सेल हळूहळूच काम करतो.

आजच वाढवायचं असेल तर सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे कॅनमध्ये मिळणारं द्रव क्लोरीन किंवा 'हायपो', वापरा. १० टक्क्यांच्या ताज्या हायपोचे ४५० मिली आपल्या पूलमध्ये सुमारे १ पीपीएम वाढवतात. कॅन कधी भरला ते विचारून घ्या. उष्णतेत त्याची ताकद झपाट्याने उतरते. ब्लीचिंग पावडर टाळा, तिच्यातला चुना शेवटी सेलवर जातो.

एवढं करूनही कमीच येत असेल तर

सूर्यास्तानंतर सेल बंद करून क्लोरीन मोजा आणि उजाडण्याआधी पुन्हा मोजा. रात्रीत १ पीपीएमहून जास्त घट झाली तर ती उन्हाची नाही; पाण्यात शेवाळ किंवा सेंद्रिय घाण आहे, डोळ्यांना दिसत नसली तरी. भिंती, पायऱ्यांचे कोपरे आणि दिव्यांच्या मागची जागा ब्रशने घासा, फिल्टर बॅकवॉश करा (उलट दिशेने पाणी सोडून धुवा) आणि क्लोरीन हायपोने चढवून पाणी साफ होईपर्यंत चढंच ठेवा. या कामाला सेल जुंपला तर त्याचं आयुष्य घटतं. क्लोरीन ४ पीपीएमवर उतरेपर्यंत कुणालाही पाण्यात सोडू नका. बॅकवॉशचं पाणी खारट असतं, ते आंब्याच्या किंवा चिकूच्या मुळांशी जाऊ देऊ नका.

रात्रीत घट नाही, ऊन बेताचं, स्टॅबिलायझर ठीक, आणि तरीही आकडा चढत नाही? मग सेल उघडा. मेन स्विच बंद करून तो काढा आणि उजेडाकडे धरून बघा. पट्ट्यांवर पांढरे क्षार असतील तर आधी पाण्याच्या जोराने धुवा. उरले तरच एक भाग ॲसिड चार भाग पाण्यात घालून त्यात काही मिनिटं बुडवा. पाण्यात ॲसिड घालायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. धातूच्या वस्तूने खरवडू नका, पट्ट्यांवरचा महाग लेप निघतो. हा लेप झिजतोच, काही वर्षांनी सेल बदलावा लागतो. तो खर्च आधीच धरून ठेवा.

पावसाळ्यात

१०० मिमी पाऊस आपल्या ३२ चौरस मीटरच्या पूलमध्ये ३,२०० लिटर गोडं पाणी ओततो आणि तितकंच खारं पाणी वाहून जातं. ३,२०० पीपीएम मीठ एका दिवसात साधारण २,९८० वर येतं. कोकणात आणि घाटमाथ्यावर असे दिवस लागोपाठ येतात. स्टॅबिलायझरही त्याच प्रमाणात उतरतं. दर सरीनंतर मीठ टाकत बसू नका, ते वाहूनच जाईल. मीठ यंत्राच्या किमान मर्यादेखाली गेलं तर सेल बंद ठेवा आणि हायपोवर भागवा. ढगाळ दिवसांत ऊन कमी, त्यामुळे क्लोरीन उडतंही कमी. मात्र पालापाचोळा आणि मातीचा लोंढा आला की मागणी एकदम वाढते, तेव्हा जाळी रोज रिकामी करा. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरचं ऊन तापायच्या आत, आधी स्टॅबिलायझर आणि मीठ पुन्हा जागेवर आणा आणि मगच सेल चालू करा.