चंद्राचा फोटो काढताना कॅमेऱ्याची सेटिंग्ज: तिथीप्रमाणे शटर, आणि बाकी बरंच काही

सगळ्यात आधी ऑटो मोड सोडा. रात्र आहे म्हणून कॅमेरा अंधाराचा हिशोब करतो, फ्रेमचा नव्वद टक्के भाग काळा दिसतो त्याला, मग तो शटर जास्त वेळ उघडा ठेवतो, आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) वाढवतो आणि चंद्राच्या जागी एक पांढरा गोळा येतो ज्यात एक डागही दिसत नाही. खरं म्हणजे चंद्रावर त्या वेळी भर ऊन असतं. आपल्याला जो भाग दिसतोय तिथे दिवस आहे, आणि ती जमीन तशी काळपटच आहे, पडलेल्या उजेडाचा जेमतेम १२ टक्के परत पाठवते, म्हणजे दुपारच्या उन्हातला जुना डांबरी रस्ता जसा असतो साधारण तसं. तर सेटिंग्जही उन्हातल्या रस्त्याचीच लावायची, रात्रीची नाही. एवढं एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सगळं सोपं आहे.

यावरूनच जुन्या फिल्मवाल्यांचा एक नियम आलाय, लूनी ११ म्हणतात त्याला. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक, एफचा आकडा मोठा तेवढं ते बारीक) एफ/११ ठेवा आणि शटर ठेवा १ भागिले आयएसओ. आयएसओ १०० असेल तर १/१०० सेकंद, आयएसओ २०० असेल तर १/२००. हा नियम पौर्णिमेच्या आसपासच्या, आकाशात वर आलेल्या चंद्रासाठी आहे. मी स्वतः एफ/८ वापरायला सांगेन, कारण बहुतेक झूम लेन्स एफ/८ च्या आसपास सगळ्यात शार्प असतात आणि एफ/१६ च्या पुढे गेलं की डिफ्रॅक्शनमुळे (बारीक भोकातून जाताना उजेड पसरतो त्याने) सगळंच जरा मऊ व्हायला लागतं.

आता महत्त्वाचं. अर्धा चंद्र पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्मा तेजस्वी नसतो, एक दशांशाच्या आसपासच असतो. पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीशी असतो त्यामुळे चंद्रावरच्या सावल्या आपल्याला दिसतच नाहीत, सगळं एकदम उजळ, आणि अष्टमीला ऊन तिरकं पडतं म्हणून खड्ड्याखड्ड्यात सावली भरलेली असते. म्हणजे एकच सेटिंग महिनाभर चालणार नाही. आयएसओ १०० आणि एफ/८ धरून सुरुवात अशी करा: पौर्णिमेला १/२५०, एकादशी द्वादशीला १/१२५, अष्टमीला १/६०, पंचमीच्या आसपास १/३०, आणि बीज तीजेच्या बारीक कोरीला १/१५ किंवा अजून सावकाश. एक फोटो काढा, स्क्रीनवर मोठा करून बघा, उजळ कडेचा भाग पांढरा फटक झाला असेल तर शटर एक पायरी वेगवान करा. हायलाइट वॉर्निंग चालू ठेवा म्हणजे जळालेला भाग लुकलुकतो आणि लगेच कळतं. शंका असेल तेव्हा जरा अंधारा फोटो बरा, सावलीतलं नंतर वर काढता येतं पण एकदा पांढरं झालेलं परत येत नाही.

ट्रायपॉड फार मजबूत नसेल तर १/३० वगैरेच्या नादी लागू नका, आयएसओ ४०० करा आणि १/१२५ वर या. आजकालच्या कुठल्याही कॅमेऱ्यात आयएसओ ४०० म्हणजे काहीच नाही, बरेच लोक आयएसओ १०० चा हट्ट धरून हललेले फोटो घरी आणतात. ऑटो आयएसओ मात्र आठवणीने बंद करा, नाहीतर मॅन्युअल मोडमधे सगळं नीट लावूनही कॅमेरा आपल्या मनाने चंद्र जाळून टाकतो.

चंद्र सरकतो म्हणून फोटो हलतो असं अनेकांना वाटतं. सरकतो हे खरं आहे, साधारण दोन मिनिटांत तो स्वतःच्या व्यासाएवढा पुढे जातो, पण ३०० एमएम लेन्सवर १/६० सेकंदात तो एक पिक्सेलसुद्धा सरकत नाही. हलतो तो आपला सेटअप. बटण दाबलं की ट्रायपॉड थरथरतो, डीएसएलआर असेल तर आरसा उचलल्याचा धक्का बसतो, गच्चीवर वारा असतो, शेजारी कोणीतरी चालत असतं. म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावा किंवा रिमोट वापरा, डीएसएलआर असेल तर लाइव्ह व्ह्यूमधे (मागच्या स्क्रीनवर बघत) काढा किंवा मिरर लॉकअप करा म्हणजे आरसा आधीच वर उचलून ठेवा, मिररलेसला इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (शटरचा पहिला पडदा न हलवता फोटो सुरू करायची सोय) असेल तर ते चालू. ट्रायपॉडची मधली दांडी वर काढू नका, आणि तिला खाली हुक असेल तर कॅमेऱ्याची बॅग लटकवा. लेन्सवरचं स्टॅबिलायझेशन ट्रायपॉडवर बंदच ठेवलेलं बरं, काही लेन्स ट्रायपॉड ओळखतात पण सगळ्या नाही. हातात धरून काढणार असाल तर अर्थात चालू, आणि मग शटर १/५०० च्या खाली आणू नका.

फोकस. इथे सगळ्यात जास्त फोटो वाया जातात. लेन्सवर अनंताची खूण असते तिथे रिंग फिरवून ठेवली की झालं असं वाटतं पण बऱ्याच लेन्स त्या खुणेच्या थोड्या पुढेही फिरतात, शिवाय गरम थंड हवेने जागा बदलते. लाइव्ह व्ह्यू चालू करा, दहापट झूम करा, चंद्राची कड किंवा उजेड-अंधाराच्या सीमेवरचा एखादा खड्डा स्क्रीनवर घ्या आणि रिंग अगदी सावकाश फिरवत त्याची धार सगळ्यात स्वच्छ दिसेल तिथे थांबा. ऑटोफोकसने चंद्रावर फोकस होतो, होत नाही असं नाही, पण झाला की लगेच मॅन्युअलवर टाका म्हणजे पुढच्या फोटोला लेन्स परत शोधाशोध करणार नाही. थोड्या थोड्या वेळाने परत तपासा.

फाइल रॉ मधे (सेन्सरने टिपलेली मूळ फाइल, जेपीईजी नाही) घ्या. व्हाइट बॅलन्स डेलाइट ठेवा, चंद्रावर पडतो तो सूर्याचाच उजेड आहे. मीटरिंग (कॅमेऱ्याचं उजेड मोजणं) मॅन्युअल मोडमधे तसंही बाजूला पडतं, पण वापरायचंच असेल तर स्पॉट, म्हणजे छोट्याशा ठिपक्यापुरतं.

लेन्स किती मोठी पाहिजे हा प्रश्न नेहमी येतो. सेन्सरवर चंद्र किती मोठा पडेल ते काढायला फोकल लेंग्थला (लेन्सवरच्या एमएमच्या आकड्याला) ११० ने भागा. २०० एमएमला तो दोन मिलिमीटरपेक्षाही लहान पडतो, ३०० ला पावणेतीन, ६०० ला साडेपाच. फुल फ्रेम सेन्सरची उंची २४ मिलिमीटर असते, तर बघा. म्हणून क्रॉप सेन्सरवाल्यांनी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) इथे वाईट वाटून घेऊ नये, ५५-२५० सारख्या साध्या लेन्सवरही अष्टमीचा चंद्र छान क्रॉप होतो. निकॉनच्या पी ९०० आणि पी १००० सारख्या ब्रिज कॅमेऱ्यांत (लेन्स न बदलता येणारे, लांब झूमचे) तर चंद्रासाठी वेगळा मोडच दिलाय, आणि फक्त चंद्रच काढायचा असेल तर त्या किमतीत त्यांना तोड नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि कृपया फक्त पौर्णिमेलाच कॅमेरा बाहेर काढू नका. पौर्णिमेचा चंद्र फोटोत सपाट दिसतो, टायको विवरापासून निघालेले पांढरे पट्टे तेवढे त्या दिवशी सगळ्यात भारी दिसतात. खड्डे, डोंगर बघायचे असतील तर उजेड-अंधाराची सीमा पाहिजे. शुक्ल अष्टमीला टॉलेमियस, अल्फॉन्सस आणि आर्झॅकेल ही तीन विवरं एकाखाली एक त्या सीमेजवळ असतात आणि वरच्या अंगाला अ‍ॅपेनाइन पर्वतांची रांग उठून दिसते. नवमी दशमीला ९३ किलोमीटर रुंदीचं कोपर्निकस विवर उजेडात आलेलं असतं आणि दक्षिणेला क्लेव्हियस. दशमी एकादशीच्या सुमारास सायनस इरिडम नावाच्या खाडीभोवतीची डोंगरांची कमान अंधारात एकटीच उजळते, काही तासच टिकतं ते, पण नशिबाने मिळालं तर अख्खा महिना वसूल. इथे एक्स्पोजर उजळ बाजूचं धरायचं, सीमेवरचे खड्डे थोडे गडद आले तरी चालतील.

आपल्याकडे तिथी घरोघरी माहीत असते हा मोठाच फायदा आहे, संकष्टीचा चंद्रोदय बघायला कॅलेंडर उघडतोच आपण. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून संकष्टीला नऊच्या आगेमागे येतो. पण उगवल्या उगवल्या काढलेला फोटो लाल, अंधारा आणि थरथरता येतो कारण आपण खूप जाड हवेतून बघत असतो. डिटेल पाहिजे तर दीड दोन तास थांबा, चांगला वर येऊ द्या. हवेची थरथर फक्त क्षितिजावर नसते, दिवसभर तापलेला गच्चीचा स्लॅबसुद्धा रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत असतो, शेजारच्या बिल्डिंगचे एसीचे डबेही. शक्य असेल तर मातीवर, गवतावर ट्रायपॉड लावा, आणि खिडकीच्या काचेतून तर अजिबात नको. एसीच्या खोलीतून लेन्स थेट बाहेर आणली तर मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत पुढच्या काचेवर लगेच वाफ धरते, कॅमेरा बॅगेतच ठेवून अर्धा तास आधी बाहेर आणा.

समोर गडाचा बुरूज किंवा मंदिराचा कळस घेऊन मोठा चंद्र काढायचा असेल तर सगळा खेळ अंतराचा आहे. एक किलोमीटरवर चंद्र साधारण ९ मीटरच्या वस्तूएवढा दिसतो, म्हणजे ९ मीटरचा कळस चंद्रात बरोब्बर बसवायचा तर एक किलोमीटर लांब जायला लागतं. माणूस बसवायचा तर १९० मीटरच्या आसपास. दिवस निवडताना पौर्णिमेच्या आदल्या दिवशीचा निवडा, त्या दिवशी चंद्र सूर्यास्ताच्या आधीच उगवलेला असतो आणि आभाळात, दगडांवर अजून उजेड असतो त्यामुळे चंद्र आणि समोरचं दोन्ही एकाच एक्स्पोजरमधे येतं. अंधार पडल्यावर हे जमत नाही, एकतर चंद्र जळतो नाहीतर किल्ला काळा. दिशेसाठी फोटोपिल्स किंवा स्टेलॅरियम अ‍ॅप आधी बघून ठेवा.

फोनवाल्यांनी प्रो मोडमधे आयएसओ ५० किंवा १००, शटर १/१२५ ते १/२५०, टेलिफोटो लेन्स असेल तर ती, आणि फोन कशाला तरी टेकवून. प्रो मोड नसेल तर चंद्रावर बोट दाबून धरा, लॉक झालं की उजेडाची पट्टी खाली ओढा, डाग दिसेपर्यंत. काही फोन चंद्र ओळखून स्वतःच डिटेल वाढवतात, ते बंद करता येत असेल तर करा, आपल्या लेन्सने पाहिलेलाच चंद्र फोटोत यावा. दुर्बिणीच्या आयपीसला फोन लावूनही खूप चांगले फोटो येतात.

बीजेच्या कोरीला उरलेला गोल राखाडी दिसतो, पृथ्वीचा उजेड असतो तो, त्याला मात्र रात्रीचंच एक्स्पोजर लागतं: आयएसओ ८००, एफ/५.६, एक ते दोन सेकंद. कोर जळणार हे धरून चला.

तसंच खग्रास ग्रहणाचं. चंद्र पूर्ण सावलीत गेला की उन्हाचा हिशोब संपला, आयएसओ १६०० ते ३२००, लेन्स पूर्ण उघडी, शटर अर्धा ते एक सेकंद, आणि एका सेकंदापेक्षा जास्त नको कारण आता मात्र चंद्राचं सरकणं खरंच दिसतं. ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री भारतातून खग्रास चंद्रग्रहण दिसणार आहे, साधारण पावणेदहा ते अकरा चंद्र पूर्ण सावलीत असेल. डिसेंबरात पौर्णिमेचा चंद्र महाराष्ट्रातून मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येतो, तेव्हा ट्रायपॉडचं हेड तेवढं वर वळतं का, आणि वळल्यावर मोठ्या लेन्सच्या वजनाने घसरत तर नाही ना, हे आधीच्या एखाद्या हिवाळ्यात करून बघा.