गावच्या तलावातील गाळ आणि कंपनीचा सीएसआर निधी : भागीदारी कशी जुळवावी

पाझर तलाव गाळाने भरलेला आहे, त्याची मालकी शासनाच्या खात्याकडे आहे, त्यातला गाळ शेतकऱ्याला हवा आहे आणि पोकलेनचे भाडे व डिझेल गावाच्या आवाक्याबाहेरचे आहे, अशी स्थिती महाराष्ट्रातील असंख्य गावांत दिसते. येथे कंपनी, शासन आणि गाव यांच्यापैकी कोणी एकटा काम तडीस नेऊ शकत नाही. राज्य शासनाने 6 मे 2017 च्या निर्णयाने सुरू केलेली आणि 2023 मध्ये नव्याने राबवायला घेतलेली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना याच जाणिवेवर उभी आहे. शासन परवानगी देते व मोजमाप करते, यंत्र आणि इंधनाचा भार कंपनीचा सीएसआर निधी (कंपनीने कायद्यानुसार सामाजिक कामासाठी खर्चायची रक्कम) किंवा स्वयंसेवी संस्था उचलू शकते आणि शेतकरी मोफत मिळालेला गाळ स्वतःच्या वाहनाने शेतात नेतो. हे काम हाती घेऊ इच्छिणाऱ्या सरपंचांना, तरुण मंडळांना आणि शेतकरी गटांना माझे पहिले सांगणे असे की कंपनीच्या दारात सर्वांत शेवटी जावे.

आरंभ शेतकऱ्यांच्या यादीपासून करावा. एका ट्रॅक्टर ट्रॉलीत साधारण एक ब्रास, म्हणजे 2.83 घनमीटर माल बसतो असे धरले, तर 10,000 घनमीटर गाळ उचलण्यासाठी 3,500 हून अधिक खेपा लागतात. वीस ट्रॅक्टरांनी दिवसाला आठ-आठ खेपा केल्या तरी बावीस दिवस लागतात, आणि खोदल्यावर गाळ फुगत असल्याने प्रत्यक्षात त्याहून अधिकच. हा हिशेब ग्रामसभेत फळ्यावर मांडावा आणि कोणाच्या किती एकरांत किती खेपा जाणार, वाहन कोणाचे, रस्ता कोणाच्या बांधावरून जाणार, हे नावानिशी लिहून घ्यावे. रस्त्याचा मुद्दा विशेष जपावा. मी पाहिलेल्या एका कामात यंत्र तलावात उतरल्यावर बांधावरून वाहने नेण्यास एका शेतकऱ्याने हरकत घेतली आणि दोन दिवस पोकलेन उभे राहिले. त्या शेतकऱ्याला आधी कोणी विचारलेच नव्हते. तेव्हापासून मी रस्त्याची संमती लेखी घेतल्याशिवाय पुढची पायरी चढत नाही.

गाळ कोणत्या जमिनीत टाकायचा हेही याच बैठकीत ठरवावे. हलक्या, मुरमाड, बरड जमिनीला तो वरदान ठरतो, कारण त्यातील चिकणमातीमुळे ओल टिकून राहते. आधीच भारी काळी आणि चिबड, म्हणजे पाणी साचून राहणाऱ्या, रानात मात्र तो टाकू नये. गाळाची आणि शेतातील मातीची तपासणी करून घेतल्यास शंका उरत नाही.

त्यानंतर शासनाकडे जावे. ग्रामसभेचा ठराव, शेतकऱ्यांची यादी आणि तलावाची माहिती जोडून मृद व जलसंधारण विभागाच्या किंवा ज्या खात्याचा तलाव असेल त्या खात्याच्या कार्यालयात अर्ज द्यावा. योजनेचे काम जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय समितीमार्फत चालते. शाखा अभियंत्यांना प्रत्यक्ष तलावावर बोलावून खोदाईपूर्वीच्या तळाच्या पातळ्या मोजून ठेवाव्यात, कारण पुढचे सगळे मोजमाप त्यांवरच अवलंबून असते. गाळाखालचा मूळ थर उकरू नये आणि तलावाच्या बांधाच्या भरावाच्या पायथ्यापासून अभियंत्यांनी आखलेल्या अंतराच्या आत यंत्र नेऊ नये. गाळाच्या नावाखाली वाळू काढण्यास योजनेत बंदी आहे आणि ती अट ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावी. 2023 च्या निर्णयानुसार अल्प व अत्यल्प भूधारकांसह विधवा, अपंग आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील शेतकऱ्यांना गाळ वाहून नेण्यासाठी घनमीटरला 35.75 रुपये, एकरी कमाल 15,000 रुपये आणि अडीच एकरांपर्यंत 37,500 रुपये अनुदानाची तरतूद करण्यात आली. या कुटुंबांची नावे यादीत सर्वांत वर असावीत, कारण ज्याच्याकडे ट्रॅक्टर नाही त्याच्या रानात गाळ पोहोचला नाही तर त्या कामाला गावाचे काम म्हणण्यात अर्थ नाही.

आता कंपनी. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे, आधीच्या आर्थिक वर्षात निव्वळ मालमत्ता 500 कोटी, उलाढाल 1,000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये, यांपैकी कोणतीही एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. ही तरतूद 1 एप्रिल 2014 पासून लागू आहे. या कायद्याच्या अनुसूची सातमध्ये, म्हणजे सीएसआरमध्ये बसणाऱ्या कामांच्या यादीत, नैसर्गिक संसाधनांचे संवर्धन आणि माती व पाण्याची गुणवत्ता राखणे यांचा समावेश असल्याने गाळाचे काम त्यात बसते. शिवाय कंपनीने आपल्या कामकाजाच्या परिसराला प्राधान्य द्यावे असे कायदाच सांगतो, म्हणून तालुक्यातील साखर कारखान्यापासून जवळच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत कोणाचे प्रकल्प आहेत याची यादी आधी करावी. कंपनी बहुधा एखाद्या संस्थेमार्फत काम करते, आणि 1 एप्रिल 2021 पासून अशा संस्थेची केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-1 नोंदणी आवश्यक झाली आहे. कंपनीने स्वतः न स्थापलेल्या, बाहेरच्या नोंदणीकृत न्यासाला किंवा संस्थेला आयकर खात्याची 12ए व 80जी नोंदणी आणि तीन वर्षांच्या कामाचा अनुभवही लागतो. गावात काल स्थापन झालेल्या मंडळाला थेट निधी मिळण्याची आशा धरून महिने वाया घालवू नयेत. अनुभवी संस्थेला सोबत घ्यावे.

येथे एक अडचण येते, जिच्याकडे बहुतेकांचे लक्ष उशिरा जाते. कंपनीचे आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते आणि तलाव खऱ्या अर्थाने आटतो तो एप्रिल-मेमध्ये. मार्चअखेर घाईने मंजूर झालेला निधी तेव्हा तलावात पाणी असल्याने वापरता येत नाही, आणि मे महिन्यात तलाव कोरडा पडतो तेव्हा कंपनीची नव्या वर्षाची मंजुरी अजून झालेली नसते. म्हणून प्रस्ताव ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात द्यावा आणि तो ‘चालू प्रकल्प’, म्हणजे एका आर्थिक वर्षापलीकडे चालणारे काम, म्हणून मंजूर करावा अशी विनंती करावी. तसे केल्यास न वापरलेली रक्कम वर्ष संपल्यापासून 30 दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवून पुढील तीन आर्थिक वर्षांत खर्च करता येते. चालू प्रकल्प नसेल तर तीच रक्कम सहा महिन्यांत अनुसूची सातमधील एखाद्या निधीत जमा करावी लागते आणि गावाच्या हातून जाते.

प्रस्ताव दोन पानांहून मोठा नसावा. तलावाचे नाव व स्थान, काढायचा गाळ, यंत्राचे तास, डिझेल, शेतकऱ्यांचा वाहतुकीचा वाटा रुपयांत, खात्याची परवानगी आणि वाढणारा पाणीसाठा एवढे पुरेसे आहे. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर, त्यामुळे 10,000 घनमीटर गाळ निघाला तर एक कोटी लिटर पाण्याला जागा होते. हे वाक्य कंपनीच्या संचालकालाही कळते आणि पारावरच्या आजोबांनाही.

काम सुरू झाले की तलावाच्या काठावर एक वही ठेवावी. त्यात यंत्र सुरू-बंद झाल्याची वेळ, भरलेले डिझेल आणि प्रत्येक खेपेची नोंद रोज लिहावी. प्रत्येक ट्रॉलीला तीन चिठ्ठ्या असाव्यात : एक वाहनचालकाकडे, एक शेतकऱ्याकडे आणि एक वहीत चिकटवलेली. संध्याकाळी ग्रामपंचायतीचा, संस्थेचा आणि शेतकऱ्यांचा प्रत्येकी एक प्रतिनिधी खाली सही करील. यंत्राच्या कामाचे देयक मात्र खेपांवरून काढू नये, कारण फुगलेल्या गाळाने ट्रॉली भरलेली दिसते. ते अभियंत्यांनी खड्ड्याच्या आधीच्या व नंतरच्या पातळ्यांवरून काढलेल्या आकारमानानेच काढावे. पहिल्या पावसापूर्वी शेवटचे मोजमाप उरकावे, अन्यथा खड्ड्यात पाणी साचते आणि मग सगळाच हिशेब अंदाजावर जातो. ती वही पूर्ण झाल्यावर ग्रामसभेत वाचावी आणि तिच्या प्रती खात्याला, कंपनीला व संस्थेला द्याव्यात. मूळ वही ग्रामपंचायतीत राहू द्यावी, म्हणजे पुढच्या ऑक्टोबरात शेजारच्या तलावाचा प्रस्ताव लिहायला बसताना डिझेलचा दर सोडला तर एकही आकडा अंदाजाने घालावा लागणार नाही.