गस्तीवरच कागद उरका

शिफ्ट संपल्यावर ठाण्यात बसून लिहायचं, ही सवय आधी मोडा. माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येक पोराला मी हेच सांगतो. घटनास्थळ सोडण्यापूर्वी वेळ, नावं, गाडीचा क्रमांक आणि साक्षीदाराचे नेमके शब्द टिपून घ्या. नंतर आठवून लिहिलेल्या जबाबाच्या उलटतपासणीत चिंध्या होतात.

मग सविस्तर अहवाल कुठे लिहायचा? जिथे वारंवार गुन्हे घडतात त्या चौकात, गाडी सगळ्यांना दिसेल अशी उभी करून. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरातल्या निरीक्षणांवरून गुन्हेशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर कोपर यांनी १९९५ मध्ये मांडलं, की अशा जागी पोलीस १४-१५ मिनिटं थांबले तर ते गेल्यावरही शांतता जास्त वेळ टिकते. त्याहून जास्त थांबून फायदा वाढत नाही. म्हणजे एक थांबा, एक अहवाल. मान अधूनमधून वर काढा. काच खाली ठेवा, लोक येऊन बोलतात (तक्रारीच जास्त, पण असो).

एकच नाव तीन नोंदवह्यांत लिहावं लागतंय? कुरकुर नको, तिन्ही पानं शेजारी ठेवून साहेबांना दाखवा.

जप्ती आणि अटकेचे कागद मात्र गाडीत उरकायचे नाहीत. तेवढ्यासाठी गस्त खुशाल थांबवा.