हार्टचे न्यूक्लिअर स्कॅन: स्पेक्ट की पेट? नवीन टेक्नॉलॉजिस्टसाठी थोडं अनुभवातून

न्यूक्लिअर मेडिसिनला नवीन लागलेली मुलं पहिल्याच आठवड्यात विचारतात, मॅडम हार्टसाठी स्पेक्ट चांगलं की पेट? (दोन्हीत किरणोत्सर्गी औषध टोचून ते हार्टमध्ये कुठे पोचतं त्याचा फोटो घेतात, स्पेक्टमध्ये गॅमा कॅमेऱ्याने, पेटमध्ये पेट स्कॅनरने.) पुस्तकात तक्ता असतो, त्यात पेट जवळजवळ प्रत्येक रकान्यात पुढे असतं आणि मुलं तोच पाठ करून येतात. मी बरीच वर्षं टेक्नॉलॉजिस्ट म्हणून हेच काम करतेय आणि मला मनापासून वाटतं की तुलना मशीनपासून सुरूच करू नका, कार्डिओलॉजिस्टला नेमकं काय हवंय तिथून करा. स्नायूला रक्त पोचतंय का, स्नायू जिवंत आहे का, पंपिंग कसं चाललंय, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. (जन्मजात छिद्र, झडपा वगैरे असेल तर तो इकोचा प्रांत, आपल्याकडे असे पेशंट क्वचित येतात.)

बहुतेक ठिकाणी रोजचं काम म्हणजे स्पेक्टवरचं स्ट्रेस-रेस्ट परफ्युजन, म्हणजे ताण देऊन आणि आरामात स्नायूला पोचणारं रक्त बघणं, किरणोत्सर्गी टेक्निशियमवर, ते जोडलेलं औषध सेस्टामिबी नाहीतर टेट्रोफॉस्मिन. टेक्निशियमची हाफ लाइफ (किरणोत्सर्ग निम्मा व्हायला लागणारा वेळ) ६ तास, एनर्जी १४० केईव्ही, गॅमा कॅमेऱ्याला अगदी सोयीची. सेस्टामिबी स्नायूच्या पेशीत, मायटोकाँड्रियात जाऊन बसतं आणि तिथंच राहतं, म्हणून फोटो तासाभराने घेतला तरी दिसतं ते इंजेक्शन दिलं त्या क्षणाचं रक्त. म्हणूनच ट्रेडमिलवर पेशंट पूर्ण दमला की इंजेक्शन द्यायचं आणि नंतर किमान एक मिनिट चालतं ठेवायचं, लगेच बेल्ट थांबवला तर स्ट्रेसचा फोटो स्ट्रेसचा राहत नाही.

थॅलियम वेगळं. ते पोटॅशियमसारखं वागतं, आत जातं, बाहेर येतं, परत वाटलं जातं, त्यामुळे स्ट्रेसनंतर १०-१५ मिनिटांत कॅमेऱ्याखाली घ्यावंच लागतं आणि ३-४ तासांनी दुसरा फोटो, एकाच इंजेक्शनमध्ये दोन्ही. ऐकायला छान वाटतं पण हाफ लाइफ ७३ तास, पेशंटला डोस जास्त, आणि ७०-८० केईव्हीच्या आसपासचे फोटॉन असल्यामुळे चित्र धूसर. टेक्निशियम मिळत असताना मी थॅलियम निवडणार नाही.

आता स्पेक्टची खरी डोकेदुखी, इथे वेळ घालवा कारण चांगला टेक्नॉलॉजिस्ट इथेच ओळखू येतो. बायकांमध्ये ब्रेस्टमुळे अँटेरिअर (पुढची) वॉल फिकी दिसते, पुरुषांमध्ये डायफ्राममुळे इन्फिरिअर (खालची) वॉल, आणि लिव्हर-आतड्यातलं औषध नेमकं इन्फिरिअर वॉलला चिकटून चमकत बसतं. म्हणून पेशंटला दूध किंवा काहीतरी तेलकट खायला द्यायचं, पाणी पाजायचं, फिरवायचं, आणि तरी आतडं चमकतच असेल तर थांबायचं, बाहेर कितीही गर्दी असू दे. इन्फिरिअर वॉलची शंका असेल तर पालथं झोपवून परत एक अ‍ॅक्विझिशन (स्कॅन) घ्या. गेटेड (ईसीजीशी जुळवून घेतलेलं, हार्टची हालचाल दाखवणारं चित्र) बघा, वॉल दोन्ही फोटोंत फिकी आहे पण नीट आकुंचन पावतेय, जाड होतेय, तर तो बहुधा अटेन्युएशनचा (मधल्या अवयवांनी किरणं अडवण्याचा) खेळ असतो, स्कार (मेलेल्या स्नायूचा व्रण) नाही. आणि रॉ डेटा (कॅमेऱ्याची मूळ चित्रं) फिरवून बघितल्याशिवाय पेशंटला टेबलवरून उतरवू नका, तो मधे हलला असेल तर तेव्हाच कळतं, घरी गेल्यावर कळून काय उपयोग.

स्पेक्टची एक मर्यादा मात्र कितीही मेहनत केली तरी राहते. ते एका भागाची दुसऱ्या भागाशी तुलना करतं. तिन्ही नळ्या सारख्याच अरुंद असतील तर सगळीकडेच रक्त कमी आणि चित्र चक्क नॉर्मल दिसू शकतं. पेट इथे खरंच कामाला येतं कारण दर मिनिटाला दर ग्रॅम स्नायूला किती मिलीलिटर रक्त जातंय हा आकडाच ते देतं. पण ट्रेसर (टोचायचं किरणोत्सर्गी औषध) बघा. अमोनियाची हाफ लाइफ १० मिनिटं, म्हणजे सायक्लोट्रॉन (ते बनवणारं यंत्र) दाराशीच पाहिजे. रुबिडियम जेमतेम सव्वा मिनिट, ते स्ट्रॉन्शियमच्या जनरेटरमधून थेट शिरेत सोडतात, पेशंट स्कॅनरवर झोपलेलाच हवा, म्हणजे ट्रेडमिल विसरा, स्ट्रेस औषधानेच. स्कॅन भराभर होतो, डोस कमी, पण जनरेटरचा खर्च पेलायला पेशंटही तेवढे लागतात.

आपल्याकडे हार्टसाठी पेट म्हणजे बहुतेक वेळा एफडीजी (साखरेसारखं किरणोत्सर्गी औषध), हाफ लाइफ ११० मिनिटं, दुसरीकडून गाडीने आणता येतं. मोठा अटॅक येऊन गेलाय, पंपिंग कमी झालंय, बायपास करून फायदा होईल का, हा तिथला प्रश्न. परफ्युजनमध्ये भाग रिकामा पण एफडीजी घेतोय, म्हणजे स्नायू झोपलाय पण जिवंत आहे. दोन्हीत रिकामा म्हणजे स्कार. यासाठी हार्टला साखर खायला लावावी लागते, म्हणजे ग्लुकोज पाजायचं, शुगर मोजत राहायचं, लागलं तर इन्सुलिन, आणि डायबेटिक पेशंटमध्ये यात अर्धी सकाळ जाते. घाईत इंजेक्शन दिलं तर जिवंत स्नायूही मेलेला दिसेल आणि एखाद्याचं ऑपरेशन त्यावर अडेल, इतकं ते गंभीर आहे.

आणि गंमत बघा, सारकॉइडोसिससाठी (हार्टलाही सूज आणणारा एक आजार) तेच एफडीजी, तोच स्कॅनर, तयारी बरोबर उलटी. निरोगी स्नायूने साखर घेऊच नये म्हणून आदल्या दिवशी भात, पोळी, फळं, साखरेचा चहा सगळं बंद, अंडी, चिकन, पनीर, तूप एवढंच, मग रात्रभर उपाशी. इथे पेशंटशी नीट बोला. नुसतं उपवास करून या म्हणालात तर काही जण साबुदाण्याची खिचडी खाऊन येतात, म्हणजे नुसता स्टार्च. शाकाहारी पेशंटला काय खाऊ शकता ते नावानिशी लिहून द्या, फोन करून खात्री करा.

बाकी मुगा स्कॅन (रक्तपेशींना किरणोत्सर्गी औषध लावून घेतलेला), केमोच्या पेशंटचं पंपिंग मोजायला, सोपा आणि भरवशाचा. अमायलॉइडसाठी (हार्टच्या स्नायूत प्रथिन साचण्याचा आजार) पायरोफॉस्फेट स्कॅन, त्यासोबत रक्त-लघवीच्या लाइट चेनच्या टेस्ट झाल्यात का ते विचारायला विसरू नका.

कोर्सबद्दल विचाराल तर बीएआरसीचं (भाभा अणुसंशोधन केंद्राचं) मुंबईत परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासूनचं, तिथली ट्रेनिंग मिळाली तर सोडू नका. इंटरव्ह्यूत हाफ लाइफ विचारतातच, पण त्यापेक्षा असं जास्त विचारतात, ईसीजीत लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक (हार्टच्या डाव्या बाजूच्या विद्युत वाटेत अडथळा) आहे, कुठला स्ट्रेस देणार? ट्रेडमिल म्हणू नका, सेप्टममध्ये (हार्टच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीत) खोटा डिफेक्ट येतो, अ‍ॅडिनोसिनसारखं औषध सांगा. मग लगेच पुढचा येतो, पेशंटला दमा आहे. तिथे अ‍ॅडिनोसिन नाही. डोब्युटामिनने हार्ट रेट वाढतो म्हणजे सेप्टमचा घोळ परत, त्यामुळे दमा आणि ब्लॉक दोन्ही एकत्र असतील तर टेक्नॉलॉजिस्टने स्वतः ठरवायचंच नाही, डॉक्टरला बोलवायचं. आणि कॅफीनने अ‍ॅडिनोसिनचा परिणाम अडतो, म्हणून चहा-कॉफी-कोला आदल्या दिवसापासून बंद होतं का, हे इंजेक्शन भरायच्या आधी विचारायचं, नंतर नाही.