'घनफळ येतं' म्हणजे नेमकं काय येतं?

आठवीतल्या मुलाला 'लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची' तोंडपाठ असतं. त्याला शाळेच्या हौदापाशी नेऊन विचारा, यात पाणी किती लिटर आहे? टेप कुठून कुठे धरायची, इथेच गाडी अडते. पोर्शन पूर्ण झाला म्हणून मुलाच्या पदरात काय पडलं, हे कळत नाही. ते आधी ठरवावं लागतं.

बालभारतीच्या पुस्तकाच्या सुरुवातीला अध्ययन निष्पत्ती, म्हणजे शिकून झाल्यावर मुलाला काय यायला हवं याची विधानं, दिलेल्या असतात. एका सत्रासाठी त्यातल्या तीन-चारच निवडा. 'समजते', 'जाणीव होते' अशी क्रियापदं खोडून डोळ्यांना दिसेल असं काम लिहा: 'हौदातलं पाणी मोजून लिटरमध्ये सांगतो आणि उत्तर पडताळून दाखवतो.' हे वाक्य शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत वाचा. पालकांना फोड करून सांगावं लागलं, तर वाक्य पुन्हा लिहा.

आता प्रत्यक्ष काम. चौघांचा गट, मीटर टेप, खडू, १५ लिटरची बादली आणि सलग दोन तासिका. शिक्षक हौदापाशीच थांबतील, मुलं आत उतरणार नाहीत.

हमखास होणारी चूक म्हणजे माप बाहेरून घेणं. समजा हौद बाहेरून २ मीटर लांब, १.५ मीटर रुंद आहे आणि पाणी १ मीटर खोल आहे. उत्तर येतं ३००० लिटर. पण भिंती १५ सेंटिमीटर जाड असतील, तर आतलं माप १.७ आणि १.२ मीटर भरतं आणि पाणी निघतं २०४० लिटर. म्हणजे ९६० लिटरचा फरक! ही चूक सांगून टाकू नका. भरलेल्या दहा बादल्या, म्हणजे १५० लिटर, काढायला लावा. पातळी सुमारे ७.४ सेंटिमीटर उतरते. बाहेरच्या मापाने ती ५ सेंटिमीटरच उतरायला हवी होती. विसंगती समोर दिसली की मुलं स्वतःच भिंतीकडे बघतात. (काढलेलं पाणी झाडांना घाला.) टेपचं टोक फाटलेलं असेल तर १० सेंटिमीटरच्या खुणेपासून मोजायचं आणि तेवढे वजा करायचे. हेही शिकण्यासारखंच आहे.

वेळ कुठून काढायचा? त्याच सूत्रावरच्या वीस उदाहरणांपैकी पाच ठेवा. गुणांसाठी वेगळी परीक्षा नको, आकारिक मूल्यमापनात, म्हणजे शिकताना सुरू असलेल्या मूल्यमापनात, प्रात्यक्षिकाला जागा आहेच. नोंदवहीत मात्र 'छान' किंवा 'प्रगती समाधानकारक' लिहू नका, त्यातून पुढच्या शिक्षकाला काहीच कळत नाही. 'आधी बाहेरून मोजलं, बादल्या काढल्यावर चूक स्वतः शोधली' असं लिहा.

महिन्याभराने, पूर्वसूचना न देता, घमेलं समोर ठेवून तोच प्रश्न विचारा. 'हे खाली निमुळतं आहे, इथे ते सूत्र चालणार नाही' असं कुणी म्हणालं, तर त्याच्याच शब्दांत ते वहीत उतरवून घ्या.