आधी चिखल काढा, मग कोटिंग: गाडीचा पत्रा सडू नये म्हणून

सांगली-साताऱ्याला समुद्र नाही, खारी हवा नाही, तरी इथल्या गाड्या सडतात. त्याला कारण कृष्णाकाठची काळी माती. मडगार्डच्या आतल्या वळणात ती एकदा बसली की वरून वाळलेली दिसते आणि आतून कैक दिवस ओली राहते. पावसाचं पाणी वाहून जातं. माती मात्र पाणी पत्र्याला चिकटवून ठेवते. वरून चकचकीत दिसणारी गाडी खालून पोखरली जाते ती अशी.

आधी भिजवा, मग धुवा

वाळलेल्या काळ्या मातीवर थेट प्रेशर मारलं तर वरचा थर उडतो, पत्र्याला लागलेला तसाच राहतो. साध्या पाइपने चाकांच्या वरचा भाग भिजवा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग धुवा. स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवलं की पुढच्या चाकामागची जागा मोकळी होते. मडगार्डच्या कडेच्या आतून बोट फिरवा. कड धारदार असेल तर हातमोजा घाला. बोटाला चिखल लागला तर धुणं झालेलं नाही, वॉशिंगवाला काहीही म्हणो. रेडिएटरच्या जाळीवर प्रेशर जवळून मारू नका, तिची पातळ पानं वाकतात.

पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी खालून नुसतं पाणी मारलं तरी चालतं. खरं धुणं दसऱ्याला करा. खंडेनवमीला गाडी धुवायचीच असते. त्या निमित्ताने ती रॅम्पवर चढवा.

पाणी जायच्या वाटा उघडा

दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात. काचेच्या रबरातून आत झिरपलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. ती बुजली की पाणी दारातच साठतं. पावसानंतर दार हलवल्यावर आत खळखळ ऐकू आली तर समजून जा. खराट्याची काडी घालून भोकं मोकळी करा. स्क्रू-ड्रायव्हर नको, रंग खरवडला की तिथूनच गंज सुरू होतो. वायपरखालच्या जाळीतला पालापाचोळाही हाताने काढा. चिंचेखाली किंवा गुलमोहराखाली गाडी उभी राहत असेल तर हे काम दर आठवड्याचं.

मालाच्या गाड्यांचं दुखणं वेगळं

ट्रकचं, पिकअपचं नुकसान पावसापेक्षा माल जास्त करतो. पोटॅश खत म्हणजे बहुतेक वेळा क्लोराइडचा क्षार. फाटक्या पोत्यातून सांडलेलं पोटॅश हौद्याच्या सांध्यात गेलं आणि त्याला दमट हवा लागली, की मिठासारखं पत्रा खातं. द्राक्षपट्ट्यात, तासगावकडे, मोरचुदाची, म्हणजे कॉपर सल्फेटची, भर पडते. शाळेत मोरचुदाच्या द्रावणात खिळा टाकल्यावर त्याच्यावर तांबूस थर चढायचा आणि खिळा झिजायचा. बोर्डो फवाऱ्यासाठी नेलेलं मोरचूद ओल्या हौद्यात सांडलं की तेच होतं. म्हणून खत किंवा औषध उतरवलं की आधी कोरडं झाडून काढा, मग भरपूर पाण्याने धुवा आणि फाळका उघडा ठेवून हौदा वाळू द्या. तळाला रबरी मॅट असेल तर ती उचलाच. सगळा खेळ तिच्याखाली चालतो.

ऊस वाहणाऱ्यांनी हंगामभर चेसिसवर आणि सायलेन्सरजवळ अडकलेलं पाचट काढत राहावं. ते ओल धरतं ते वेगळंच, वाळल्यावर पेटायची भीती जास्त. एअर ब्रेकच्या टाकीतलं पाणी रोज ड्रेन करा. ते राहिलं तर टाकी आतून गंजते, आणि तो गंज दिसतही नाही.

गंज दिसलाच तर

नखाएवढा डाग असेल तर घरीही काम होतं. तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकाकता पत्रा लागेपर्यंत घासा. फडक्याला थिनर लावून पुसा, कोरडं होऊ द्या, प्रायमर मारा आणि त्यावर रंग द्या. नुसता रेड ऑक्साइड प्रायमर मारून गाडी तशीच फिरवू नका. प्रायमरमधून ओल आत जाते, पक्का रंग वर लागतोच. रंगाला फुगवटा आला असेल आणि टोचल्यावर पत्रा आत जात असेल, तर ते काम वेल्डिंगवाल्या डेंटरचं. त्यावर पुटी भरून घेणं म्हणजे पैसे वाया.

कोटिंग सगळ्यात शेवटी

अंडरबॉडी कोटिंग, म्हणजे गाडीच्या पोटाला चढवायचा संरक्षक थर, चांगलं, पण पत्रा धुतलेला आणि पूर्ण वाळलेला हवा. ओल्या मातीवर चढवलेलं कोटिंग ओल आतच कोंडतं. पावसाळ्यात घाईने करून घेण्यापेक्षा एप्रिल-मेच्या उन्हात गाडी दोन दिवस वाळवून करावं. जळकं ऑइल खालून फवारायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. मला ती पटत नाही. ऑइलने रबरी बुश फुगतात, धूळ त्यावर चिकटून थर होतो, आणि ब्रेकवर उडालं तर ब्रेक लागत नाही.

महाबळेश्वर-पाटणकडे, जिथे पाऊस दिवसेंदिवस उघडत नाही, तिथे ओल्या गाडीवर प्लॅस्टिकचं कव्हर टाकू नका. वारा खेळणारी शेड त्यापेक्षा बरी.

पुराचं पाणी आत शिरलेल्या गाडीला मात्र यातलं काहीच पुरत नाही. सांगलीकरांनी 2019 आणि 2021 ला हे पाहिलं आहे. अशी गाडी सुरू करून बघू नका, टोइंग करून गॅरेजला न्या. गाळ धुऊन झाला की कार्पेट आणि त्याखालचा फोम दोन्ही बाहेर काढायला सांगा. वरून कार्पेट सुकतं, फोम नाही, आणि तळाचा पत्रा त्याच्याच खाली असतो.